दुपटी मोजणारी मथरामाय

मथरामाय आमच्या घरी कधी पुढच्या दाराने आली नाही. ती परसामागच्या बोळातून यायची, बाळाची दुपटी वाळत घातलेल्या दोरीखाली उभी राहायची आणि ओठ हलवत मोजायची. मोजून झालं की एखादं दुपटं नाकाशी धरायची. तिला फसवायला काही घरांतल्या बायका कोरी दुपटी नुसती भिजवून दोरीवर टाकत, म्हणून हा वास घेण्याचा प्रकार. मग न्हाणीपाशी राखेने हात घासून ती आत यायची आणि काही ठाऊक नसल्यासारखं विचारायची, “काय म्हणतंय लेकरू? पेलं का सकाळधरनं?”

आपण म्हणावं, “हो, चांगलं चार वेळा प्यायलं.”

“चार बार पेलं आन् दुपटे दोनच? मंग बाकीचं काय मांजरीनं पेलं?”

तिचा कुणावरच विश्वास नव्हता. सासवांवर नव्हता, सुनांवर नव्हता, वैद्यावर नव्हता आणि हकिमावर तर मुळीच नव्हता. गुटी उगाळलेली सहाण धुवायच्या आत ती बोटाने चाटून बघायची. शेजारणीने कौतुकाने बाळासाठी मध आणला, तर “ठिवा तिकडं, मुंग्या लागतेत” म्हणून स्वतःच उचलून कोनाड्यात ठेवायची आणि जाताना बोळात ओतून टाकायची. ‘बाळाला पाजलं’ असं कुणी म्हटलं की तिचा पहिला प्रश्न, “गिळताना आवाज आल्ता का?” तोंड हलतंय म्हणजे बाळ पितंय, हे तिला कबूल नव्हतं. “तोंड तर बोळके म्हातारे बी हलवतेत,” म्हणायची, आणि बाळाच्या गळ्यापाशी कान नेऊन घोट मोजत बसायची.

ती मूळची राजूरची. जालन्यात मस्तगडच्या बाजूला एका दोरवाल्याच्या दुकानामागे एक खोली घेऊन एकटीच राहायची. उंच, हाडकुळी, कपाळावर गोंदण, अंगावर काठ विरलेलं इरकली लुगडं, आणि नखं मात्र मांसापर्यंत कापलेली. ती सुईण नव्हती. बाळंतीण सुटली की सुइणीचं काम संपायचं आणि हिचं सुरू व्हायचं. बाळ अंगावर लागेपर्यंत, दूध नीट उतरेपर्यंत पहिले चार-पाच आठवडे ती त्या घराची पाठ सोडत नसे. संकष्टीला मात्र न चुकता राजूरच्या गणपतीला जायची. माझे वडील तिची थट्टा करायचे, “मथराबाई, गणपतीवर तरी विश्वास आहे ना तुझा?”

“देवावर हाये,” ती म्हणायची, “पुजाऱ्यावर न्हाई.”

आता अशा बाईबद्दल लोक गप्प बसतील का? जी सगळ्यांवर संशय घेते, तिच्यावर सगळे संशय घेतात. तिला स्वतःचं मूल नव्हतं. मूल नसलेल्या बाईला दुधातलं काय कळणार, इथून सुरुवात व्हायची. ती बाळंतिणींचं दूध वाटीत काढून पदराआड घेऊन जाते, राजूरच्या वाटेवर कुठेतरी काही करते, इथपर्यंत मजल जायची. आमच्या आईचं तर ठाम मत होतं की ही बाई बरी नव्हे.

तरीही ती आमच्या घरी आली, कारण वडिलांनी बोलावलं. वडील तहसील कचेरीत मोहरीर होते. निजामाचं राज्य, उर्दूतली कामं, दिवसभर मान खाली घालून लिहिणारा माणूस. घरातल्या बायकांच्या गोष्टींत त्यांनी कधी तोंड घातलं नव्हतं. पण माझ्या दुसऱ्या बाळंतपणाला त्यांनी घातलं, कारण पहिलं बाळ गेलं होतं.

तो मुलगा होता. पहिलटकरीण म्हणून मी माहेरी आले, जालन्यातच बाळंत झाले, सव्वा महिना झाल्यावर अंबडजवळच्या माझ्या सासरी गेले. तिथे पंधरा दिवसांत बाळ गेलं. ताप नाही, उलटी नाही. निजलं ते उठलंच नाही. सासूबाई नव्हत्या. घर चालायचं ते माझ्या नवऱ्याच्या विधवा आत्याच्या मुठीत. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो. बाळ गेल्याच्या तिसऱ्या दिवशीही मला पान्हा येत होता, लुगडं भिजत होतं. आत्याबाईंनी ते दूध काशाच्या वाटीत काढायला लावलं आणि त्यात एक मुंगी सोडली. मुंगी मेली. आमच्या भागात असंच दूध पारखत. मुंगी पोहून काठाला लागली तर दूध चांगलं, मेली तर बाधलेलं. “हिचं दूधच विषारी,” आत्याबाई हळू आवाजात म्हणाल्या. त्या कधी मोठ्याने बोलायच्या नाहीत. घरातल्या सगळ्यांनी ते मानलं, आणि खोटं कशाला सांगू, मीही मानलं. स्वतःच्याच छातीची मला किळस यायला लागली होती.

दोन वर्षांनी मुलगी झाली, आणि त्याच दिवशी मथरामाय परसातून आत आली.

तिने आधी बाळाकडे पाहिलंच नाही. माझ्या बाजेपाशी उकिडवी बसून विचारलं, “पैल्या लेकराला काय काय दिल्तं? खरं सांग.”

“अंगावरचं दूध आणि गुटी,” मी म्हटलं.

“आनखी?”

मी दाराशी उभ्या असलेल्या आईकडे पाहिलं आणि म्हटलं, “आणखी काही नाही.”

मथरामाय उठली, आईला म्हणाली, “तेल लावायचं हाये, वारा लागंल,” आणि आईच्या तोंडावर दार लावून आतून कडी घातली.

पुढचे तीन दिवस आईचा जीव त्या कडीत अडकला होता. आमच्या घरची रीत अशी, की पहिले तीन दिवस चिकाचं दूध पिळून टाकायचं आणि बाळाला गुळाचं पाणी बोटाने चाटवायचं. चिकाने पोट बिघडतं म्हणे. मथरामायने पहिल्याच दिवशी बाळ उचलून माझ्या अंगाला लावलं. मी घाबरून म्हणाले, “अगं, चीक आहे तो. आणि माझं दूध...”

“गाय याली की वासराला आधी काय पाजता? का त्याला बी गुळाचं पानी?” ती म्हणाली. “दूध कसं हाये ते मला नको सांगू. मला कुणी सांगितलेलं खरं वाटत न्हाई.”

मग तिने मला शिकवलं. पहिल्या खेपेला कुणी शिकवलं नव्हतं, कारण त्यात शिकण्यासारखं काही असतं हेच कुणाला ठाऊक नव्हतं. “तू वाकू नको, पाठ मोडंल. लेकराला छातीकडं आन. नुसतं बोंड देऊ नको, ते चावून चावून जखम करतंय. थांब. जांभई दिल्यावानी तोंड उघडू दे. हां, आता जल्दी! काळं समदं आत जाऊ दे.” बाळाची हनुवटी माझ्या छातीत रुतली, आणि तिने कान लावून पुटपुटायला सुरुवात केली, “एक... दोन... तीन...”

बाहेर आई दाराला कान लावून उभी. तिला वाटलं, आत मंत्र चाललेत. संध्याकाळी ती वडिलांना म्हणाली, “काय करून राह्यली ती आत, कोण जाणे. मला तर बिलकुल पटत नाही.” वडिलांनी चष्मा पुसला आणि पुन्हा घातला.

पाचवी झाली, आणि सहाव्या दिवशी आत्याबाई आल्या. त्यांनी बाळाला अंगडं-टोपडं काही आणलं नव्हतं. वाटी मात्र आणली होती, तीच काशाची. माझं दूध पिळून घेतलं, अंगणातली मुंगी चिमटीत धरून आणली, वाटीत सोडली. आम्ही सगळ्या वाटीवर वाकलो होतो. मुंगीने दोन गोते खाल्ले आणि पाय आखडले.

“बघा,” आत्याबाई हळूच म्हणाल्या.

मथरामाय स्वयंपाकघरात गेली आणि दोन वाट्या घेऊन आली. एकीत पाणी, दुसरीत आमच्या गाईचं दूध. दोन्हींत मुंग्या सोडल्या. दोन्ही मेल्या.

“आत्याबाई,” ती म्हणाली, “याच गाईच्या दुधाचा च्या तुम्ही आत्ताच पेल्या. मंग आता तुमचं कसं करावं? हकिमाला बोलवू?”

ओसरीवर वडिलांना हसू फुटलं आणि त्यांनी ते खोकल्यावर नेलं. पण आत्याबाई हसण्यावारी जाणाऱ्या नव्हत्या. त्यांनी वाटी पुसून पिशवीत ठेवली आणि आईला सांगितलं, “बारशापर्यंत बघते. लेकरू सुधरलं तर बरंच. न्हाई सुधरलं तर वरचं दूध चालू करायचं, आन् लेकरू मी घेऊन जाईन. इंदूनं इथंच राहावं.”

‘इंदूनं इथंच राहावं’, म्हणजे मी माहेरीच राहावं, याचा अर्थ न कळण्याइतकं त्या खोलीत कुणी खुळं नव्हतं. माझ्या नवऱ्यासाठी त्यांनी भावकीतली एक मुलगी बघूनही ठेवली होती. पण खरं सांगते, मला सवतीची भीती नव्हती. भीती होती ती त्या बाजेवर निजलेल्या सहा दिवसांच्या पोरीची. हीसुद्धा अशीच निजेल आणि उठणार नाही, एवढंच डोक्यात होतं.

आणि आठव्या दिवशी ती खरंच निजायला लागली.

आधी छान रडायची. भूक लागली की मुठी चोखायची, डोकं इकडेतिकडे फिरवायची. आता छातीला लावलं की दोन घोट प्यायची आणि तिची मान पडायची. तळव्याला टिचकी मारा, कानाला ओला हात लावा, उठायची नाही. दोरीवर सातांची चार दुपटी झाली, चारांची दोन. मथरामाय दोरीखाली उभी राहून दोन दुपटी पुन्हापुन्हा मोजायची. “निजणाऱ्या लेकराचं मला लई भेव वाटतंय,” एकदा ती म्हणाली. तिलाही भीती वाटते हे ऐकून मी बाळाच्या नाकाशी बोट धरलं.

इकडे दूध साठून माझी छाती दगडासारखी झाली. हात लावू देववेना. मथरामाय गरम पाण्याच्या फडक्याने शेकायची, बोटांनी हळूहळू गाठी मोकळ्या करायची, दूध वाटीत काढायची आणि ती वाटी पदराखाली घेऊन बाहेर पडायची.

आई याचीच वाट बघत होती. दहाव्या दिवशी सकाळी तिने डोक्यावरून पदर घेतला आणि तिच्या मागोमाग गेली. जन्मात एकटी गल्लीबाहेर न पडलेली माझी आई मस्तगडच्या बाजारातून भिंतीच्या आडोशाने निघाली, हे मला आजही डोळ्यांपुढे आणता येत नाही. परत आली ती फणफणतच. वाटी राजूरच्या वाटेवर गेली नव्हती. दोरवाल्याची सून बाळंतपणात गेली होती. तिच्या आईवेगळ्या लेकराच्या तोंडात मथरामाय कापसाच्या वातीने थेंब थेंब दूध सोडत बसली होती.

“आमच्या लेकीचं दूध दोरवाल्याच्या पोराला! कुणाला विचारलंस?” मथरामाय परतल्याबरोबर आईने तिला धरलं. आत्याबाईही उठून आल्या. चोर सापडल्याचा आनंद त्यांच्या तोंडावर दिसत होता.

मथरामायने वाटी खाली ठेवली. “फेकायचं व्हतं का? इचारलं असतं तर तुम्ही दिलं असतं का?” मग ती आत्याबाईंकडे वळली. “तीन रोज झाले, ते लेकरू हेच दूध पिऊन राह्यलं. मुंगी मेली म्हणता ना? मंग ते कामून न्हाई मेलं? जा, पाहून या. गल्ली डोक्यावर घेतली त्यानं रडून. नऊ दुपटे भिजवले कालच्याला.”

मथरामायने एकेकीच्या तोंडाकडे पाहिलं. माझ्याकडेसुद्धा पाहिलं.

“दूध एकच, लेकरं दोन,” ती म्हणाली. “एक रडतंय, एक निजतंय. म्हंजे दुधात काही न्हाई. या घरात दुसरंच काही लेकराच्या पोटात जाऊन राह्यलं.”

त्या दिवसापासून घरात कुणी कुणाशी सरळ बोलेना. मला वाटलं, आत्याबाईच. मुलगी झाल्याचं त्यांना सुख नव्हतं, दुसऱ्या सोयरिकीची घाई होती. त्या बाळाजवळून नुसत्या गेल्या तरी मी बाळ छातीशी ओढायची. आई तर उघड म्हणायला लागली, “यांना सोडून आहे कोण?” आत्याबाईंना आईचा संशय, आईला आत्याबाईंचा. मथरामाय खोलीच्या उंबऱ्यावर बसून राहिली. कोण आलं, कोण गेलं, कुणाच्या मुठीत काय होतं, सगळं बघत होती.

अकराव्या दिवशी दुपारी ती उठली. “संकष्टी हाये, राजूरला जाऊन येते,” म्हणाली आणि गेली. आत्याबाई माजघरात आडव्या झाल्या होत्या. आई आत आली, माझ्या अंगावर पांघरूण घातलं, बाळ उचललं. “पड जरा तू. मी घेते,” म्हणाली. मी डोळे मिटले. झोप नव्हती, नुसताच शीण होता.

थोड्या वेळाने परसाकडून पावलं आली, दार मात्र वाजलं नाही. मथरामाय राजूरला गेलीच नव्हती. त्या दिवशी संकष्टीही नव्हती. आई ज्या दिवशी तिथी विसरली, त्या दिवसाचीच ती वाट बघत असावी.

“बाईसाहेब, बोट दावा,” ती अगदी हलक्या आवाजात म्हणाली.

“कसलं बोट?”

“लेकराच्या तोंडात घातलं ते.”

मी पापण्यांच्या फटीतून पाहिलं. तिने आईचं मनगट धरलं होतं आणि आईचं बोट नाकाशी नेलं होतं. मग आईच्या कमरेची चंची उघडून तिने त्यातून एक लहानशी डबी काढली.

“अगं, बाळगोळी आहे ती,” आई म्हणाली. तिचा आवाज रडवेला होता, पण अपराधी नव्हता. “सगळेच देतात. पोरीला घटकाभर झोप नको का? बाळ जरा रडलं की ती आत्याबाई पुटपुटायला लागते, दूध बाधलं, दूध बाधलं. रडू नये म्हणून देते मी. मोहरीएवढी.”

“अफू हाये त्यात.”

“असेल. इंदूला दिली, तिच्या भावांना दिली. कुणाला काय झालं?”

मथरामायने डबी मुठीत घेतली. मग तिने विचारलं, “पैल्याला बी?”

आईने बाळाचं टोपडं सारखं केलं. मग म्हणाली, “सासरी जाताना हिच्याजवळ डबी दिली होती. रडला तर दे म्हटलं.”

मी बाजेवर डोळे मिटून पडले होते. ती डबी मला आठवली. डिंकाच्या लाडवांच्या डब्यात, फडक्यात गुंडाळून आईने ठेवलेली. पहिल्या दिवशी मी खरंच मोहरीएवढी दिली होती. पण बाळ रडायचं आणि आत्याबाई कपाळाला आठ्या घालायच्या, म्हणून मग थोडी मोठी. मग दोन वेळा. शेवटच्या दिवशी तो रडलाच नाही, आणि मला बरं वाटलं होतं. मी त्या दिवशी डोक्यावरून न्हाले होते.

मथरामायने माझ्या बाजेकडे पाहिलं असावं, कारण तिची सावली माझ्या तोंडावर आली. मी श्वास एका लयीत ठेवला. जिला जगात कुणाचंच काही खरं वाटत नसे, तिला माझी झोप खरी वाटली, असं मी तेव्हा समजले.

ती माजघरात गेली आणि आत्याबाईंना उठवून मोठ्याने म्हणाली, “दिष्ट लागल्ती लेकराला. उतरवली म्या. आता बघा.” ज्या बाईने साऱ्या गल्लीतले ताईत कापून टाकले, ती हे म्हणत होती. आत्याबाईंना ते ताबडतोब पटलं. दृष्ट ही गोष्ट त्यांच्या समजुतीत बसणारी होती. कुणाची दृष्ट, हेही त्यांनी मनात ठरवून टाकलं असणार.

त्यानंतर दोन दिवस माझी मुलगी रडली. अंग ताठ करून, लाल होऊन रडली. मथरामायचा चेहरा असा फुलला होता, की जणू तिच्याच घरी बारसं आहे. “रड, रड माय,” म्हणायची आणि दर रडण्याला तिला माझ्या अंगाला लावायची. मला तिने एक क्षण एकटीला सोडलं नाही. बाळ पीत नसलं तर माझे केस विंचरायची, नाहीतर राजूरच्या पुजाऱ्याची काहीतरी निंदा सांगत बसायची, नाहीतर हळिवाची खीर समोर धरून “खा, म्या पाहून राह्यले” म्हणायची. मी न्हाणीत गेले तरी दाराशी उभी. मला वाटायचं, आता हिचा वहीम माझ्यावर आहे. हिला कळलंय, आणि ही मला पुन्हा बाळाजवळ एकटी ठेवायला तयार नाही. मला तिचा राग यायचा, आणि तिचं बरोबर आहे असंही वाटायचं.

पुढे ढकललेलं बारसं दहा दिवसांनी झालं. त्या दिवशी दोरीवर अकरा दुपटी होती. मला ठाऊक आहे, कारण आत्याबाईंना परसात चोरून मोजताना मी खिडकीतून पाहिलं. मुलीचं नाव कुसुम ठेवलं. आत्याबाई एकट्याच गावी परतल्या आणि सव्वा महिन्याने माझा नवरा स्वतः आम्हा दोघींना न्यायला आला.

आईने त्या डबीबद्दल पुढे जन्मभर अवाक्षर काढलं नाही. मथरामायचं नाव निघालं की मात्र तोंड वाकडं करायची. “बाई बरी नव्हे ती,” म्हणायची. मी ऐकून घ्यायची.

चार वर्षं गेली. मग ते दिवस आले, जेव्हा निजामाच्या मुलखातली पुष्कळ घरं सरहद्द ओलांडून वऱ्हाडात जात होती. आम्हीही निघालो. निघण्याआधी जालन्याला आईवडिलांना भेटायला आले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कुसुमला घेऊन दोरवाल्याच्या दुकानामागे मथरामायकडे गेले.

ती म्हातारी झाली होती. एका डोळ्यात फूल पडलं होतं. तिने आधी कुसुमचा दंड दाबून पाहिला, पापणी खाली ओढून पाहिली, तोंड उघडायला लावून दात मोजले. “काय खाती?” तिने विचारलं. “भाकरी, वरण, दूध,” मी म्हटलं. तिने कुसुमलाच विचारलं, “खरं बोलते का गं तुजी माय?”

कुसुम हसली. मी चार वर्षं घोकलेलं वाक्य बोलून टाकलं. “माय, त्या दुपारी मी जागी होते.”

“ठावं हाये,” ती म्हणाली. “निजल्या मानसाचे डोळे असे गच्च मिटलेले नसतेत.”

“मग तुला हेही ठाऊक असेल. त्याला मीच दिल्या गोळ्या. शेवटी शेवटी तर दोन दोन वेळा दिल्या. दूध बाधलं नव्हतं. मीच...”

मला वाटलं होतं, ती नाही म्हणेल. कुणीही म्हणालं असतं, अगं तुझा काय दोष, देवाची मर्जी. मी बहुतेक तेच ऐकायला गेले होते.

“व्हय,” मथरामाय म्हणाली. “वहीम तर पैल्याच दिवशी आल्ता, तू आईकडं पाह्यलं तवा. डबी घावली तवा खात्री झाली.”

“मग तेव्हाच का नाही बोललीस? सगळ्यांच्या तोंडावर बोलायचीस तू. मला एकटीला सोडत नव्हतीस, मला वाटायचं माझ्यावर पाळत ठेवतेस.”

“ठिवतच व्हते. तू रडू नये म्हणून.” ती गुडघ्यांवर हात टेकून उठली. “त्या टायमाला बोलले असते तर तू त्याच्यासाठी मन भरून रडली असतीस, अन्नावरची वासना गेली असती, आन् तुजा पान्हा आटला असता. गेल्याचं खरं करू का जित्तीला जगवू? मला तवा हिचीच फिकीर व्हती.”

तिने कुसुमला उचलून कडेवर घेतलं. चार वर्षांची पोर तिच्या हाडकुळ्या कमरेला पेलत नव्हती, तरी घेतलं.

“आता हिला तुज्या दुधाची गरज न्हाई,” ती म्हणाली. “आता रड. मी हिला बाहेर नेते.”

आणि ती कुसुमला घेऊन बाहेर गेली, मागे हात करून दार ओढून घेतलं. बोळातून लांब जाणारा तिचा आवाज येत राहिला, कुसुमला ती कसलीशी गोष्ट सांगत होती. मी खाली बसले आणि माझ्या मुलासाठी रडले. तो गेल्याला तेव्हा सहा वर्षं झाली होती.